घास पुढे केला की तोंड फिरवणारे मूल

भाताच्या सभेत पुरुषमंडळी बियाणे, खत आणि करप्याचे विचारतात. सभा आटोपून चहा आला की मागे बसलेल्या आयाबाया पुढे सरकतात आणि मग घरचे प्रश्न निघतात. परसबागेचे निघतात, कोंबड्यांचे निघतात आणि अलीकडे पनवेल तालुक्यात एक प्रश्न बहुतेक गावी ठरलेला असतो : "साहेब, आमचा पोरगा काय खात नाय. काय करावा?"

मी पडलो शेतकी खात्याचा माणूस. पानावरचा ठिपका पाहून रोग सांगेन, पण पोराच्या तोंडातले मला काय कळणार? तरी प्रश्न वारंवार येऊ लागला तेव्हा गप्प बसणे बरे वाटले नाही. अंगणवाडीच्या ताईंना विचारले, बालरोगाच्या डॉक्टरांना विचारले, अशा मुलांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांना विचारले, थोडे वाचले. त्यातून जे हाती लागले ते माताभगिनींपुढे ठेवतो. आजीआजोबांनीही वाचावे, कारण भरवण्याचे काम पुष्कळ घरांत त्यांच्याकडेच असते.

पहिली गोष्ट धीर देणारी आहे. न जेवणारे प्रत्येक पोर आजारी नसते. पहिल्या वर्षात मुलाचे वजन जन्माच्या वजनाच्या जवळपास तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात ते फार तर २ ते अडीच किलोने वाढते. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. आईला मात्र वाटते, काल वाटीभर खाणारे पोर आज चार घासांवर उठले, याला काहीतरी झाले. शिवाय दीड-दोन वर्षांपासून पुढे मुले नव्या पदार्थाला बिचकतात. यातही निसर्गाचे शहाणपण असावे. नुकते चालू लागलेले पोर बांधावर दिसेल ते फळ तोंडात घालू लागले तर कसे होईल? ही अढी बहुतेक मुलांची शाळेत जाईपर्यंत सैल होते.

पण थोडी मुले याहून वेगळी असतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, कारण त्यांचे हाल फार होतात आणि त्यांच्या आयांचे त्याहून जास्त.

नेऱ्याकडच्या भागातले एक घर मला माहीत आहे. गावाचे आणि घराचे नाव सांगत नाही. मुलगा पावणेतीन वर्षांचा. खायचा काय, तर कोरडे चुरमुरे, तांदळाचा पापड, भाकरीचा वरचा सुका पापुद्रा आणि एकाच जातीचे बिस्कीट. तेच बिस्कीट दुसऱ्या रंगाच्या कागदातून आले तर हात लावायचा नाही. वरणभाताचा घास ओठाला लागला की उमासे यायचे. घरात सुकट भाजायला घेतली की नाक दाबून ओटीवर पळायचा. मिक्सर लागला की दोन्ही कानांवर हात. चिखलात, ओल्या गवतात पाय टाकायला तयार नाही. बोटाला गूळ चिकटला तर हात धुऊन मिळेपर्यंत रडणे. केस कापायचा दिवस म्हणजे घरात रणधुमाळी.

आजीचे म्हणणे, सूनबाईने लाडावून ठेवला. शेजारणीचे म्हणणे, नजर लागली. बाप म्हणे, दोन दिवस उपाशी ठेवा, झक मारत खाईल. दोन दिवस नाही, पण एक दिवस ठेवून पाहिलेच. पोर खरोखर काही खाल्ले नाही आणि मलूल पडले. मग दुसरा मार्ग निघाला. एकीने हात धरायचे, एकीने नाक दाबायचे आणि तिसरीने पेज ओतायची. पोर ओकून टाकायचे, की पुन्हा तेच. अंगणवाडीच्या काट्यावर तीन महिने वजन जागचे हलले नव्हते. त्या मुलाच्या आईने लग्नकार्याला जाणे सोडले होते. पंक्तीत बसले की चार बायका विचारणार, 'गो बाय, पोराला घालतेस काय?'

हा हट्ट होता का? सांगतो.

आपल्याला शाळेत पाच ज्ञानेंद्रिये शिकवली. त्याशिवाय शरीर आतून आणखी खबरा पाठवत असते : पोट भरले की रिकामे, हातपाय कुठे आहेत, तोल कुठे जातो. या सगळ्या खबरा मेंदूत गोळा होतात आणि तेथे त्यांची वर्गवारी लागते. काही मुलांत ही वर्गवारी नीट लागत नाही. रेडिओचा आवाज कोणीतरी पूर्ण पिळून ठेवावा तसे त्यांना वास, स्पर्श, आवाज भडक जाणवतात. काहींचे उलटे असते, आवाज इतका बारीक की तोंडात घास आहे हेच नीट कळत नाही. अशी मुले गाल फुगेपर्यंत तोंडात कोंबतात, किंवा तिखट-आंबट असेल तरच खातात.

आता वरणभाताचा एक घास त्या मुलाच्या जिभेने पाहा. भात मऊ, वरण पातळ, मध्येच न शिजलेला दाणा, मोहरी कडक, कढीपत्ता चिवट, एक बाजू गरम आणि एक कोमट. आपल्याला तो एक घास, त्याला सहा अनोळखी पाहुणे एकदम घरात शिरल्यासारखे. उलट पापड पाहा. रोज तोच आवाज, तीच चव, तोच कोरडेपणा. बिस्किटाचे तर विचारूच नका. कारखान्यातून निघालेले प्रत्येक बिस्कीट दुसऱ्यासारखे असते. आपली भेंडी आज कोवळी, उद्या जून. आमटी आज दाट, उद्या पातळ. ज्याला बदलाचीच भीती वाटते ते पोर पाकिटाकडे का धावते ते यावरून समजावे. आता तर डोंगराखालच्या वाडीतल्या टपरीवरही पाकिटांच्या माळा लोंबतात. तेव्हा ओढ जिभेची आणि सोय दुकानाची, असे जमून आले आहे.

मुलांच्या या अडचणीचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत जीन एअर्स या बाईंनी केला. त्या शेतकरी घरात वाढल्या होत्या. १९७२ साली त्यांचे या विषयावरचे पुस्तक निघाले. त्या ज्या शास्त्राच्या जाणकार होत्या त्याला आपल्याकडे व्यवसायोपचार म्हणतात. या शब्दातला व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. जेवणे, कपडे घालणे, खेळणे, लिहिणे ही माणसाची रोजची कामे म्हणजे त्याचा व्यवसाय, आणि ती ज्याला जमत नाहीत त्याला ती जमावीत यासाठी केलेला तो उपचार.

हे शास्त्र भारतात रुजवण्याचे श्रेय आपल्या महाराष्ट्राच्या एका सुनेला जाते. कमलाबाई निंबकर या जन्माने अमेरिकन, माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. त्यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची देशातली पहिली शाळा काढली. शेतकरी वाचकांना निंबकर हे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. फलटणला शेती संशोधन संस्था काढणारे, बियाण्यांचे आणि शेळ्यामेंढ्यांचे काम करणारे बनबिहारी निंबकर हे त्यांचेच चिरंजीव. आईने माणसांच्या हातापायांना काम शिकवले, मुलाने जमिनीला. मला ही जोडी फार आवडते.

तर त्या पोराचा दोष म्हणावा तरी कशाचा? आपल्या तालुक्याच्या खाडीकडच्या अंगाला खार जमीन आहे. गोड्या जमिनीतला भात तेथे नेऊन लावला तर करपतो. तेव्हा भात हट्टी आहे असे कोणी शेतकरी म्हणत नाही आणि रोपाला काठीने झोडपतही नाही. पावसाने मीठ धुऊन जाऊ देतो आणि त्या जमिनीला मानवेल ती जात लावतो. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल १, पनवेल २, पनवेल ३ या जाती याच कामासाठी काढल्या. जमीन कशी आहे ते ओळखून पीक घ्यायचे, एवढी अक्कल आपल्याला शेतात आहे. ती ताटाशी चालवायची.

जबरदस्ती थांबवणे, हे पहिले काम. नाक दाबून ओतलेली पेज श्वासनळीत जाऊ शकते, हा धोका लहान नाही. शिवाय भीती वाटली की भूक मरते, हे मोठ्या माणसालाही लागू आहे. ताट दिसले की ज्याला धरपकड आठवते, त्याची भूक ताट दिसताक्षणीच जाणार. आईबापांनी ठरवायचे की काय वाढायचे, केव्हा आणि कुठे. किती खायचे आणि खायचे की नाही, हे पोराने ठरवायचे. आजीला हे पटणे कठीण जाते, मला माहीत आहे. पण पंधरा दिवस करून पाहायला तिला राजी करावे.

मग वही काढा. शेतकऱ्याने पिकाची नोंद ठेवावी तशी आठ दिवस नोंद ठेवा. पोराने काय खाल्ले एवढेच नव्हे, ते कसे होते हेही लिहा. कोरडे की ओले, कडक की मऊ, गरम की गार, रंग कोणता, वास किती. त्या घरच्या नोंदीत लगेच दिसले की मुलगा खातो ते सगळे कोरडे, कुरकुरीत, फिक्या रंगाचे आणि बिनवासाचे. म्हणजे पोर काहीच खात नाही हे खरे नव्हते. त्याला कुरकुरीत चालते, एवढे धरून पुढे जाता येत होते. तुमच्या घरचे पोर कदाचित याच्या उलट, फक्त गुळगुळीत पेजच घेणारे असेल. त्याची वाट वेगळी निघेल : पेज थोडी दाट, मग आटवल भात बोटाने चेपून, मग मऊ भाताची शिते दिसतील असा.

दोन खाण्यांच्या मधले अंतर सांभाळा. सकाळी चहाबिस्कीट, दहा वाजता पाकीट, मध्ये दूध, मग बारा वाजता पोर जेवत नाही म्हणून ओरड. भूक लागायला वाव तर ठेवायला हवा. तीन वेळा जेवण आणि मध्ये दोनदा थोडेसे खाणे, प्रत्येकात दोन-अडीच तास, त्या वेळात फक्त पाणी. चहा तर लहान मुलाला देऊच नये. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही, लोह कमी पडले की रक्त कमी होते, आणि रक्त कमी झालेल्या मुलाची भूक आणखी मंदावते. बायांनो, हा चहा आपल्या घरांतून मुलांपुरता तरी हद्दपार करा. यावर मी सभेत बोललो की हसतात, पण बशीभर चहा पोराला पाजताना मी दर दुसऱ्या घरी पाहतो.

आता मुख्य गोष्ट, आवडीच्या पदार्थाच्या शेजारी पाऊल टाकणे. एका वेळी एकच बदल करायचा. आकार बदला, नाहीतर रंग, नाहीतर चव, तिन्ही एकदम नको. तांदळाचा पापड चालतो तर त्याच आकाराचा नाचणीचा पापड शेजारी ठेवा. कोरडा पापुद्रा चालतो तर घावनाची कुरकुरीत कड काढून ठेवा. ती चालली तर कडेबरोबर थोडा मऊ भाग. चुरमुरे चालतात तर त्यांत ज्वारीच्या लाह्या चार. नवा पदार्थ नखाएवढा असावा आणि आवडता पदार्थ ताटात असावाच. उपाशी उठू असे पोराला कधी वाटता कामा नये. नव्याला हात लावला नाही तरी बोलू नका, दोन दिवसांनी पुन्हा ठेवा. साध्या मुलाला देखील नवी चीज पटायला दहा-पंधरा वेळा ती पाहावी लागते. या मुलांना त्याहून जास्त.

एक खबरदारी घ्या. आवडत्या पदार्थात चोरून काही मिसळू नका. बिस्किटाच्या चुऱ्यात औषध किंवा दुधात अंडे घातले, तर या मुलांची जीभ ते पकडतेच. मग नवे तर खात नाहीतच, पण ज्यात मिसळले तो पदार्थही कायमचा सोडतात. चारच पदार्थांवर जगणाऱ्या मुलाचा एक पदार्थ गेला तर उरले तीन.

वरण, भात, भाजी कालवून देऊ नका. वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. एकाला दुसरे लागणार नाही असे खणांचे ताट बाजारात मिळते. अन्न कोमट असू द्या. बसताना पोराची पाठ भिंतीला टेकलेली असावी, बूड घसरू नये, पायांना आधार हवा. अधांतरी लोंबकळणाऱ्या पायांनी आपणही नीट जेवत नाही. टीव्ही, मोबाईल बंद. मोबाईल दाखवून चार घास जास्त जातात हे खरे, पण ते कशाचे गेले हे पोराला कळत नाही, म्हणून शिकणेही होत नाही. जेवणाआधी थोडे जोराचे काम किंवा खेळ द्या : छोट्या घमेल्यात चार ढेकळे घेऊन अंगणाच्या टोकाला जाणे, पिंपाला ढकलणे, झोका. अशा कामानंतर काही मुले स्थिर बसतात, असे तज्ज्ञ सांगतात. आणि जेवणाच्या वेळी मिक्सर नको, ते आधी उरकून घ्या.

शहरातल्या आयांना या कामासाठी खेळणी विकत आणावी लागतात. शेतकरी घरात ती आयती आहेत. तोंडाआधी हाताची ओळख व्हावी लागते. कणगीतल्या भातात हात घालणे, नाचणी सुपात पसरणे, कोरड्या शेंगा फोडणे, अशा कोरड्या स्पर्शापासून सुरुवात करा. ओले, चिकट मागाहून. भाकरीचे पीठ मळायला एकदम बसवू नका. आधी सुके पीठ बोटाने उडवू दे. पाणी त्याने स्वतःच्या हाताने घालावे.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कडक दाणे मात्र चार-पाच वर्षांच्या आतील मुलाला देऊ नयेत, घशात अडकून जीव जाण्याची भीती असते. धावताना, निजून काही खाऊ देऊ नये. पापडासारखा कडक पदार्थही शेजारी बसूनच द्यावा.

घरचे उपाय येथे संपतात. पुढची लक्षणे दिसली तर घरी प्रयोग करत बसू नये. दोन-तीन महिने वजन वाढत नाही किंवा उतरते आहे. मोजून दहा-पंधराच पदार्थ उरले आहेत आणि त्यांतूनही गळती चालू आहे. गिळताना खोकला, ठसका, वारंवार उलटी. शौचाला खडा होतो. पोर माती, चुना खाते किंवा पांढुरके दिसते. दोन वर्षे झाली तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, नजरेला नजर देत नाही. ही शेवटची लक्षणे स्वमग्नतेची असू शकतात. स्वमग्न मुलांत खाण्याच्या अशा अडचणी पुष्कळ आढळतात. पण म्हणून खाण्यात चोखंदळ असलेले प्रत्येक मूल स्वमग्न असते असे नाही, आणि हे लक्षात ठेवा, स्वमग्नता आईच्या लाडाने किंवा हयगयीने होत नाही.

जायचे कुठे? सुरुवात अंगणवाडीपासून करा. दर महिन्याला वजन-उंचीची नोंद करून घ्या आणि आलेखाची रेघ ताईंना दाखवायला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्याचे वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासते. त्या दिवशी भात कापणी असली तरी पोराला घेऊन जा आणि वहीतली नोंद डॉक्टरांसमोर ठेवा. वाढीत मागे पडलेल्या मुलांना हेच पथक पुढच्या तपासणीला पाठवते. पनवेलकरांना आणखी एक सोय जवळ आहे. बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठी केंद्र सरकारची जी राष्ट्रीय संस्था सिकंदराबादला आहे, तिचे प्रादेशिक केंद्र आपल्या खारघरला आहे. तेथे जाणे म्हणजे पोरावर काही शिक्का बसला असे मानू नका.

जंताची गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या मोहिमेत चुकवू नये. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना लोहाचे औषध आठवड्यातून दोनदा १ मिलि याप्रमाणे मिळते, ते आशाताईंकडून घ्यावे. दुकानातून भूक वाढवायचे टॉनिक परस्पर आणू नका. डॉक्टरांनी लिहून दिले तर गोष्ट वेगळी.

त्या घरची हकीकत अर्धी राहिली. डॉक्टरांनी रक्त तपासले, ते कमी निघाले, त्याचे औषध चालू झाले. व्यवसायोपचाराच्या ताईंनी आईला बरेचसे वर लिहिलेलेच शिकवले. सात महिने झाले. मुलगा आज घावन खातो, नाचणीचा पापड खातो, अंड्याची पोळी कडक भाजली तर खातो आणि तळलेल्या बोंबलाची वरची कुरकुरीत साल सोलून खातो. आतला बोंबील बापाला. वरणभाताला अजून हात लावत नाही, कदाचित पुष्कळ दिवस लावणार नाही. काट्यावर मात्र वजन वर सरकले आहे. आजी अजून 'लाडावलाय' म्हणते, पण बोंबील आता तीच जास्त कडक तळते. आणि आई परवा एका हळदीला गेली होती, पोराचा डबा बरोबर घेऊन.

भात कापणी झाल्यावर ज्यांची ओल टिकते त्यांनी परसात वालाची एक-दोन वाफे पेर जरूर करावी. पेरताना चार दाणे पोराच्या हाताने टाकून घ्या, उगवल्यावर रोज दाखवायला न्या. पुढे शेंगा वाळल्या की अंगणात सूप मांडून त्याला शेजारी बसवा आणि फोडू द्या. एकही दाणा तोंडात गेला नाही तरी चालेल. आपण मात्र जवळच बसावे, म्हणजे कच्चा दाणा नाकात जायला नको.